मदत हवी आहे: नागपूर ते चिंचवड, परतीचा शेवटचा टप्पा. एका दमात की मुक्काम?

रानजाई (शुक्रवार, रात्री ८.४०)

नमस्कार मंडळी,

नवऱ्याची बदली झाली म्हणून जोरहाटचं बिऱ्हाड आवरून आम्ही पुण्याला परत येतोय. जड सामान ट्रकने पुढे गेलं, आम्ही गाडीने. गुवाहाटी, सिलिगुडी, दरभंगा, गोरखपूर, प्रयागराज, जबलपूर असं करत आज संध्याकाळी नागपुरात पोचलो. खवासा ओलांडून मराठी पाट्या सुरू झाल्या तशी गाडीतली मंडळी 'आलंच की घर' म्हणायला लागली आहेत. नकाशा मात्र अजून सातशे किलोमीटर दाखवतोय.

गाडीत आम्ही दोघं, सहा वर्षांचा मुलगा आणि सासूबाई (वय ७१, गोळ्या मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या). डिकी गच्च, वर कॅरिअरवर दोन ट्रंका. सासूबाईंच्या पायाशी तुळशीची कुंडी आहे. जोरहाटच्या अंगणातली तुळस ट्रकमध्ये द्यायला त्या तयार नव्हत्या. रविवारी द्वादशी आहे आणि तुळशीचं लग्न घरीच लावायचं हा त्यांचा हट्ट. म्हणून नवऱ्याचा बेत असा: पहाटे चारला निघायचं, समृद्धीवरून सुसाट जायचं आणि उद्या रात्री घरी झोपायचं.

माझे प्रश्न:

समृद्धीवरून कुठे उतरावं? संभाजीनगरला उतरून नगरमार्गे यावं, की शिर्डीला उतरून संगमनेर, नारायणगाव, चाकण? घर चिंचवडला आहे.

उद्या एकादशी, सासूबाईंचा उपास. वाटेत काही मिळतं का?

आणि एक. बिहारात एका खड्ड्यात गाडी आदळली होती. डाव्या बाजूच्या पुढच्या टायरला बाहेरून, कडेच्या भागात, लिंबाएवढा फुगवटा आलाय. हवा कमी होत नाही. जबलपूरला पंक्चरवाल्याने बघितलं, म्हणाला, "घरापर्यंत आरामात जाईल." नवरा म्हणतो, तिथपासून नागपूरपर्यंत आलोच ना. मला झोप नाही.

वऱ्हाडी_ठेचा (रात्री ८.५५)

या या, नागपुरात स्वागत आहे. पण ताई, काहून एवढी घाई करून ऱ्हायले? इतके दिवस गाडीत काढले, आता एका दिवसासाठी पहाटे चारला उठता!

रस्त्याचं म्हणाल तर शिवमडक्याहून समृद्धीला लागा. टाकी नागपुरातच फुल करा. मधे पंप आहेत, पण जुन्या हायवेसारखे दर पाच मिनिटांनी नाहीत. फास्टॅगमध्ये पैसे ठेवा, टोल उतरताना किलोमीटरप्रमाणे कापतात. आज रात्री सावजी खाऊ नका, बाकी काही म्हणत नाही.

स्टेपनी (रात्री ९.०५)

रस्ता राहू द्या, आधी टायर.

कडेला फुगवटा येतो म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीतल्या दोऱ्या तुटलेल्या असतात. तिथे आता फक्त रबराचा पापुद्रा हवा धरून आहे. हवा कमी होत नाही याला काही अर्थ नाही, फुगवटा फुटतो तेव्हा एकदम फुटतो. त्याला ठिगळ लागत नाही, व्हल्कनायझिंगही नाही. टायर बदलणे एवढा एकच उपाय.

जबलपूरहून नागपूरला आलात त्या रस्त्यावर वळणं होती, गावं होती, ट्रकमागे अडकणं होतं. वेग आपोआप कमी-जास्त होत होता. समृद्धीवर तसं होत नाही. कारला १२० ची मर्यादा आहे, रस्ता काँक्रीटचा आणि सरळ, आणि माणूस तासन् तास त्याच वेगात राहतो. भरलेली गाडी, दुपारचं ऊन, टायर सतत तापत जाणार. त्यात पुढचं चाक. ते १२० ला फुटलं तर स्टिअरिंग हातात राहत नाही.

आज रात्रीच स्टेपनी बाहेर काढून दोन गोष्टी बघा. एक, ती बाकी चाकांच्याच मापाची आहे का? हल्ली बऱ्याच गाड्यांना बारीक, तात्पुरती स्टेपनी देतात आणि तिच्यावर ८० ची मर्यादा लिहिलेली असते. दोन, टायरच्या कडेला लंबगोलात चार आकडे असतात ते इथे लिहा.

रानजाई (रात्री ९.३०)

नवरा खाली पार्किंगमध्ये मोबाईलचा उजेड धरून बसलाय. स्टेपनी त्याच मापाची आहे, कधी वापरलेली नाही. आकडे २४१८.

स्टेपनी (रात्री ९.४०)

म्हणजे २०१८ सालचा चोविसावा आठवडा. न वापरलेली असली तरी रबर बसल्या बसल्या कडक होतं. शहरात दुकानापर्यंत जायला ठीक, समृद्धीवर चारशे किलोमीटर नाही.

माझं ऐकाल तर सकाळी दुकान उघडलं की दोन नवीन टायर घ्या, एक नको. नवी जोडी मागच्या चाकांना लावायला सांगा आणि मागचे दोन चांगले असतील तर पुढे आणा. दुकानदार उलट सांगेल. पण मागची पकड सुटली तर गाडी गरकन फिरते आणि ती सावरणं पुढची पकड सुटण्यापेक्षा अवघड. चारही चाकं काढलीच आहेत तर बॅलन्सिंग आणि अलाइनमेंटही करून घ्या, खड्ड्याने ते बिघडलेलं असणारच.

हवा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर बघून भरा. तिथे दोन आकडे असतात, तुमच्यासाठी पूर्ण भरलेल्या गाडीचा. टायर गार असताना. वाटेत थांबलात आणि प्रेशर वाढलेलं दिसलं तर हवा सोडू नका, ते तापल्यामुळे वाढलेलं असतं. नायट्रोजन भरला तर बरंच, पण त्याने टायर अमर होतो असं समजू नका. मोजलेली साधी हवा चालते.

वऱ्हाडी_ठेचा (रात्री ९.५०)

+१. समृद्धीवर जे अपघात ऐकू येतात त्यात टायर आणि डुलकी ही दोन कारणं पुन्हा पुन्हा येतात. पहाटे चारला निघून दोन तासांनी, उजाडायच्या वेळेला, सरळ रस्त्यावर डोळे मिटतात. ड्रायव्हर एकटेच ना? मग चारचा बेत रद्दच करा.

कायगावकर (रात्री १०.१५)

माझं गाव गोदावरीकाठी, नगर-संभाजीनगर रस्त्यावर. या रस्त्याचं मी सांगतो.

लोक नकाशात सातशे किलोमीटर बघतात आणि सरासरी काढतात. इथे सरासरी चालत नाही. नागपूर ते संभाजीनगर साडेचारशेच्या आसपास आहे आणि ते पाच-साडेपाच तासांत होतं. पुढचे सव्वादोनशे-अडीचशे तेवढाच वेळ खातात, कधी जास्त. आणि हे अवघड किलोमीटर माणूस थकल्यावर वाट्याला येतात.

टायर बदलून तुम्ही साडेअकराला निघालात असं धरा. संध्याकाळी पाच-साडेपाचला संभाजीनगरजवळ माळीवाड्याला समृद्धीवरून उतराल. तिथून पुढे लगेच निघालात तर काय मिळेल ते ऐका. वाळूजला एमआयडीसीची गर्दी. मग अंधार. उद्या शनिवार, म्हणजे घोडेगाव फाट्याला शिंगणापूरची गर्दी, आत जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्या आडव्या-उभ्या. त्यात उसाचा हंगाम सुरू झालाय. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. समोरून येणाऱ्याच्या दिव्यांनी डोळे दिपले की ती ट्रॉली दिसतच नाही, दिसते तेव्हा दहा हातांवर असते. भेंडे आणि सोनई दोन्हीकडचे कारखाने याच पट्ट्यात. मग पांढरीचा पूल, इमामपूर घाट. आम्ही इथले लोकसुद्धा नोव्हेंबर ते मार्च अंधार पडल्यावर हा रस्ता टाळतो.

म्हणून संभाजीनगरात मुक्काम. वाळूजच्या बाजूला हॉटेल बघा, म्हणजे सकाळी शहर ओलांडायला लागत नाही. रविवारी सहाला निघा. आठला नगर. शहरात न शिरता शेंडीपासून बाह्यवळण घ्या, केडगावला पुणे रस्त्याला लागाल.

अनवट_वाट (रात्री १०.३०)

मेहकरला उतरून लोणार बघा ना! बेसाल्ट खडकातलं उल्काविवर आहे, मुलाला मजा येईल. फार वळसा नाही.

रानजाई (रात्री १०.३२)

दादा, मुलाला आता गाडीतून दिसणारी कुठलीही गोष्ट दाखवली तरी तो "घर कधी" एवढंच विचारतो. लोणार पुढच्या वेळी.

@कायगावकर, शिर्डी-संगमनेरचं काय? घर चिंचवडला आहे म्हणून नवऱ्याला तो सरळ वाटतोय.

कायगावकर (रात्री १०.४०)

नकाशात सरळ आहे. शनिवार-रविवार शिर्डीत आधीच गर्दी. तिथून संगमनेरपर्यंतचा रस्ता गावांमधून, तिथेही ऊस. पुढे चंदनापुरी घाट, आळेफाटा, आणि मंचर-खेडनंतर शेवटी चाकणच. आठवड्यातला दिवस असता तर विचार केला असता. रविवारी सकाळी नगर मार्ग.

आजीचा_बटवा (रात्री ११.०५)

सासूबाईंबद्दल. मधुमेहाच्या गोळ्या घेऊन निर्जळी किंवा नुसत्या चहावर दिवस काढू देऊ नका. गोळी घेतली आणि पोट रिकामं राहिलं तर साखर उतरते, आणि गाडीत ते गुंगी आल्यासारखं वाटतं, लोकांना वाटतं आजी झोपल्या. एकादशीला गोळ्यांचं काय करायचं हे त्यांच्या डॉक्टरांना सकाळी फोन करून विचारा. समृद्धीवर उपासाचं मिळेल या भरवशावर राहू नका. नागपुरातूनच केळी, राजगिऱ्याचे लाडू, दाण्याची चिक्की आणि ताक घेऊन निघा. दर दीड-दोन तासांनी त्यांना खाली उतरवून दहा मिनिटं चालवा, नाहीतर पाय सुजतील. पण थांबायचं ते विश्रांतीच्या जागी. समृद्धीच्या कडेला गाडी लावून डबा उघडलेली कुटुंबं मी पाहिली आहेत. मागून १२० ने ट्रकसुद्धा येतात, मर्यादा काही असो.

आणि तुळशीचं लग्न द्वादशीपासून पौर्णिमेपर्यंत कधीही लावता येतं की! शिवाय ते लागतं संध्याकाळी. रविवारी दुपारी घरी पोचलात तरी मुहूर्त चुकत नाही. हे त्यांना तुम्ही सांगू नका, त्यांच्या मुलाला सांगू द्या.

रानजाई (रात्री ११.२०)

शेवटचं वाक्य नवऱ्याने वाचलं आणि आईच्या खोलीत गेला. दहा मिनिटांनी परत आला तो अलार्म बंद करत. त्या म्हणाल्या म्हणे, "मी कधी म्हटलं शनिवारीच पोचू? ऊस आणि आवळे तेवढे घ्यायचे आहेत वाटेत." मंडप उसाचा करतात ना, म्हणून.

म्हणजे ठरलं: सकाळी टायर, मग निघणार, शनिवारी संभाजीनगर. आता एकच राहिलं. रविवारी शिक्रापूरहून चाकणमार्गे चिंचवड गाठावं, की वाघोली, खराडीतून शहर ओलांडून?

वाघोलीत_अडकलेला (रात्री ११.३५)

अखेर माझा विषय निघाला.

रविवारी सकाळी दहाच्या आत शिक्रापुरात असाल तर चाकण रस्ता घ्या. एरवी तिथे रांजणगाव आणि चाकणच्या एमआयडीसीचे कंटेनर एकमेकांना वाट देत नाहीत, पण रविवारी सकाळी जरा शांत असतं. चाकण चौकात थोडं थांबाल, मग मोशी, भोसरी, घर.

दहाच्या पुढे गेलात तरी वाघोलीला येऊ नका. कोरेगाव भीमाच्या पुढे लोणीकंदला उजवीकडे वळा, फुलगाव, मरकळ, आळंदी, मोशी. रस्ता अरुंद आहे, पण चालता राहतो. कार्तिकी एकादशी पंढरीची, आळंदीची नव्हे, त्यामुळे आळंदीत या रविवारी नेहमीपेक्षा वेगळी गर्दी नसावी. पंधरा दिवसांनी वद्य एकादशीला आला असतात तर हा रस्ता सांगितला नसता.

आणि रविवारी संध्याकाळी पाच ते नऊ कुठल्याही परिस्थितीत या बाजूला फिरकू नका. तेव्हा अख्खं पुणे शिर्डी आणि शिंगणापूर करून परत येत असतं. मी बाल्कनीतून बघतो, मला घरात बसून दमायला होतं.

ऊस मात्र शिरूर येण्याआधीच घ्या. आमच्याकडे पाच कांड्यांना जो भाव सांगतात त्यात तिकडे मोळी येते.

स्टेपनी (रात्री ११.४०)

मोळी कॅरिअरवर बांधा, पण ट्रंकांवर उंच नको. आणि ताई, जुना टायर दुकानदाराकडे ठेवून येऊ नका, निदान त्याच्यासमोर कडेला सुरी मारा. नाहीतर तोच दुसऱ्या कोणाला तरी 'घरापर्यंत आरामात जाईल' म्हणून विकला जाईल.