मदत हवी आहे: टायटलवर (मालकीच्या कागदावर) १९५१, कारखान्याच्या नंबरपट्टीवर ५०. ही कापलेल्या छपराची मर्क्युरी घ्यावी का?

नमस्कार मंडळी,

एरवी मी इथे नुसता वाचायला येतो. या वेळी डोकं चालेना, म्हणून धागा काढतोय.

राहतो डेट्रॉइटजवळ, नोव्हायला. नोकरी गाड्यांच्याच धंद्यात, पण ब्रेकच्या सॉफ्टवेअरची. पाना हातात धरता येतो, त्यापुढे फारसं काही येत नाही. ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड ॲव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची ड्रीम क्रूझ असते, तिथे दर वर्षी घडीची खुर्ची टाकून दिवसभर बसतो. माझे आजोबा कुर्ल्याला प्रीमियरमध्ये होते, प्लिमथ आणि डॉज जोडायचे. त्यामुळे नाद घरातलाच आहे.

तर ओहायोतल्या टोलेडोच्या बाहेर एका सत्तरीच्या गृहस्थांकडे मर्क्युरी (फोर्ड कंपनीचाच एक जुना ब्रँड) विकायला आहे. दोन दारांची कूप. छप्पर कापून खाली आणलंय, दारांची हँडल काढून पत्रा सपाट केलाय, पुढचे दिवे पत्र्यात आत बसवलेत, पुढच्या जाळीच्या जागी डी सोटो गाडीच्या जाळीचे दात, मागची चाकं अर्धी झाकलेली. रंग पिकल्या जांभळाचा. या प्रकाराला इथे 'लेड स्लेड' म्हणतात, म्हणजे शिशाची घसरगाडी. कापलेल्या पत्र्याचे जोड बुजवायला त्या काळी आजची प्लास्टिकची लांबी (पुट्टी) नव्हती. शिशाची कांडी तापवून मऊ करायची आणि लाकडी फळीने पसरायची, कल्हईवाल्यासारखं. १९४९ ते ५१ ची मर्क्युरी ही या लोकांची पंढरी. गाड्या कापून-जोडून नवं रूप देणाऱ्या, म्हणजे कस्टमवाल्या सॅम बॅरिसने स्वतःच्या ४९ च्या मर्क्युरीचं छप्पर कापलं, आणि मग कॅलिफोर्नियातल्या पोरांनी करवती बाहेर काढल्या.

मागणी ४२ हजार डॉलरची. मी 'जरा जास्त होतंय' म्हणालो, तर विकणारे आजोबा म्हणाले, हिरोहाटाची मर्क्युरी कितीला गेली ठाऊक आहे ना? ठाऊक आहे. बॅरिसच्या दुकानात घडलेली ती ५१ ची गाडी जानेवारी २०२२ मध्ये फ्लोरिडात किसिमीच्या लिलावात २१ लाख डॉलरच्या वर गेली. पण माझ्या भाच्याची बॅट आणि तेंडुलकरची बॅट दोन्ही लाकडाच्याच असतात, भाव एक नसतो.

आता अडचणी. मूळ २५५ घन इंचांचं फ्लॅटहेड व्ही-८ इंजिन गेलंय, जागी शेवरलेचं ३५० आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. त्याचं मला दुःख नाही, उलट सुटे भाग कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतील. पुढचं सस्पेन्शन मात्र कुठल्याशा शेवरले कॅमेरोचं कापून मूळ चासीला जोडलंय. ते वेल्डिंग मी वाकून बघितलं, पण बघून मला काय कळणार?

दुसरं, आजोबा शपथेवर सांगतात की सगळं काम शिशाचं, लांबी औषधालाही नाही. मी खिशातून फ्रिजचा मॅग्नेट नेला होता. मागच्या खांबापाशी आणि दाराच्या खाली तो चिकटेना. मनात म्हटलं, पकडलं! घरी येताना हायवेवर लक्षात आलं की शिशालाही मॅग्नेट चिकटत नाही. म्हणजे चाचणी करून मी होतो तिथेच.

आणि तिसरं, ज्याने झोप उडालीय. टायटलवर साल १९५१. मागचे उभे दिवे आणि मोठी काच ५१ चीच, त्याआधीच्या दोन सालांचे दिवे लहान आणि आडवे असायचे. पण नंबरपट्टीची सुरुवात '५० एलए' अशी आहे. माझ्या समजुतीप्रमाणे ५० म्हणजे साल आणि एलए म्हणजे लॉस एंजेलिसचा कारखाना. मग ही गाडी नक्की कोणती? डॅशबोर्डवरून सांगावं तर ५० आणि ५१ चा सारखाच.

शिसं की लांबी हे रंग न खरवडता कसं ओळखायचं? आणि नंबरचं हे प्रकरण दिसतंय तेवढं वाईट आहे का? बायकोचं म्हणणं, इतक्या पैशात अख्खं स्वयंपाकघर नवं होतं. मुद्दा बिनतोड आहे, त्यामुळे त्यावर सल्ला नको.

पत्राठोक: आधी नंबर, बाकी सगळं नंतर. पत्रा ५१ चा आणि पट्टी ५० ची, याचे दोनच अर्थ निघतात. एक तर ५० च्या गाडीला ५१ चा मागचा भाग जोडलाय, जे कस्टमवाले हौसेने करतात. नाही तर पट्टी दुसऱ्या गाडीवरून काढून इथे रिव्हेट केलीय. दुसरं असेल तर गाडी फुकट मिळाली तरी घेऊ नका, तो इथे फेडरल गुन्हा आहे. टायटलवरचा पूर्ण नंबर पट्टीशी अक्षर-अक्षर ताडून बघा. मग चासीवर ठोकलेला नंबर शोधा. पट्टी हलवता येते, चासीवरचा ठसा हलवणं अवघड. रिव्हेट नवे चकचकीत दिसले तरी सावध व्हा.

मॅग्नेटचं हसू आलं, पण मीही एकदा तेच केलंय. रंगाची जाडी मोजायचं साधं यंत्रही इथे फसतं. ते पोलादापर्यंतचं अंतर सांगतं, मध्ये शिसं आहे की लांबी हे नाही. बाहेरून बघूच नका. डिकीत शिरा, अस्तर बाजूला करा आणि पत्र्याची आतली बाजू बघा. जोड सलग वेल्ड केलाय की नुसते टाके मारून वर लिंपलंय, ते तिथे दिसतं. दाराच्या आत बघायला फोनला जोडायचा बारीक कॅमेरा स्वस्तात मिळतो. बोटाच्या पेराने वाजवूनही बघा. जाड लांबी मातीच्या भिंतीसारखी बद्द वाजते.

शिशाचं म्हणजे चांगलंच, असंही नाही. शिसं चढवण्याआधी पत्र्याला आम्लाचा फ्लक्स लावतात. तो नीट धुतला नसेल तर काही वर्षांनी रंगाखाली फोड येतात. जांभळावर पुरळ दिसलं का? आणि घरात लहान मूल असेल तर पुढे कधीही ते काम गॅरेजमध्ये सँडरने घासू नका. शिशाची धूळ कपड्यांवरून घरात येते. जाणकार म्हणूनच कानशीने काढतात.

ओहायोकर: व्यवहार ओहायोत होणार असेल तर एक गोष्ट: इथे टायटलवर विकणाऱ्याची सही नोटरीसमोर व्हावी लागते. स्वयंपाकघरात सही करून दिली तर ते टायटल तुमच्याकडच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या (मिशिगनच्या गाडी-नोंदणी कचेरीच्या) खिडकीवरून परत येईल. साल चुकलंय तर दुरुस्ती त्यांनाच करायला लावा. काउंटीच्या क्लर्क ऑफ कोर्ट्सच्या टायटल ऑफिसात ते काम होतं. दुरुस्त टायटल हातात पडेपर्यंत एक डॉलरही देऊ नका. आणि मिशिगनचा ६ टक्के सेल्स टॅक्स हिशोबात धरा, तो ४२ हजारांवर अडीच हजाराच्या पुढे जातो.

जुना गिऱ्हाईक: चालवून बघितली का? कापलेल्या छपरात सिग्नल दिसत नाही हो! थांबारेषेवर गाडी उभी केली की लाल-हिरवं वर राहतं. जुन्या काळी डॅशवर ठेवायचं एक भिंग याचसाठी मिळायचं. हँडल नाहीत म्हणजे दार विजेवर उघडतं. बॅटरी उतरली तर आत कसं शिरायचं ते विचारा, कुठेतरी लपवलेली तार असते. नसेल तर ४२ हजारांची गाडी बाहेरून बघत बसाल. काचा पूर्ण खाली-वर होतात का तेही बघा, छप्पर कापलं की काचाही कापाव्या लागतात. आणि पाण्याचा पाइप मारून बघू द्यायला सांगा. मूळ गाडी ६ व्होल्टची, यांनी १२ ची केली असणार, तेव्हा वायरिंग कोणी केलं हा प्रश्न रंगाआधी विचारायचा.

देशस्थ पण परदेशी: पुढेमागे पुण्याला न्यायचा विचार असेल तर आत्ताच सोडा. आपल्याकडे २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणीला ५० वर्षं वय पुरत नाही, गाडी मूळ रूपात लागते. चासी, बॉडी, इंजिन यांत मोठे बदल नकोत. तुमच्या गाडीत मूळ राहिलंय काय?

धागाकर्ता: सर्वांचे मनापासून आभार. पुण्याला न्यायची कल्पना मेव्हण्याची होती, त्याला हा प्रतिसाद पाठवलाय.

काल आजोबांना फोन केला. रागावतील असं वाटलं होतं, पण उलट खूश झाले, बहुतेक कोणीतरी नीट प्रश्न विचारला म्हणून. टायटलचा फोटो पाठवला. नंबर पट्टीशी तंतोतंत जुळतो, टायटलवरही '५० एलए'च आहे. फक्त साल ५१ छापलंय. सोबत जुन्या अल्बममधले चार फोटो आले. एका फोटोत गॅरेजमध्ये दोन मर्क्युरी शेजारी शेजारी उभ्या आहेत आणि त्यातल्या एकीला मागचा भागच नाही! पत्राठोक, तुमचा पहिला अर्थ खरा दिसतोय. दुसऱ्या फोटोत शिशाच्या कांड्या आणि लाकडी फळ्या टेबलावर मांडलेल्या आहेत. पण त्याच टेबलाच्या कडेला एक मोठा पत्र्याचा डबा आहे, आणि झूम केल्यावर तो लांबीचाच निघाला. औषधालाही नाही म्हणे.

डब्याचा विषय मी अजून काढलेला नाही, भाव करताना काढीन. मनात ३४ हजारांचा आकडा आहे, जास्त होतोय का ते सांगा. साल दुरुस्त करून द्यायला ते तयार आहेत. विम्याचं ट्रॅव्हर्स सिटीच्या हॅगर्टीकडे विचारलंय, ठरलेल्या रकमेची पॉलिसी घ्यायची म्हणतो.

येत्या शनिवारी सकाळी दहाला ते गाडी ओळखीच्या गॅरेजमध्ये लिफ्टवर चढवून देणार आहेत, चासीवरचा ठसा आणि कॅमेरोचा जोड बघायला. टोलेडो किंवा ॲन आर्बरच्या आसपास वेल्डिंग कळणारं कोणी असेल तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. जाण्यायेण्याचं पेट्रोल आणि जेवण माझ्याकडे. कॅमेरा मी आणतो, टॉर्च मात्र चांगला असेल तर तुमचा आणा.