मदत हवी आहे: कापडी बाहुलीची मान पडते

नमस्कार मंडळी. आजीच्या जुन्या सुती लुगड्यातून दीड फुटाची बाहुली शिवतेय. खेळायची नाही, नुसती बघायची. अंग मांजरपाटाचं. छातीवर दोन बोटं फट मुद्दाम ठेवलीय, आत लाल कापूस दिसतो. कडांना काजाचा टाका घातलाय, म्हणजे फाटलंय असं कुणी समजू नये. आजी तशीच होती. चारचौघांत पदर खोचून भांडायची न रात्री गुडघ्याला तेल चोळता चोळता एकटीच रडायची.

अडचण मानेची. रात्री ताठ ठेवली की सकाळी हनुवटी छातीला टेकलेली. घरचे म्हणतात, हळवी दाखवायचीय ना, मग झुकू दे. नाही बापा! छाती उघडी चालेल, मान खाली चालणार नाही.

आमच्या नागपुरात तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मारबत निघते, बाईच्या रूपातल्या मोठ्या पुतळ्याची मिरवणूक. काळी 1881 पासून, पिवळी 1885 पासून. एवढ्या थोराड बाया गर्दीतून हिंदकळत जातात, पण मान पडत नाही, कारण आत बांबूचा सांगाडा. (शेवटी जाळतात त्यांना, तो विषय वेगळा.) माझीला हाडंच नाहीत. काडी घालावी तर खिळल्यासारखी दिसेल, मला मान जराशी डावीकडे वळलेली हवीय. बांधकामाची बारीक तार घातली, ती वाकली न टोक गालातून बाहेर आलं.

शिवाय लुगडं विरलंय, सुई घातली की धागे सुटतात. बकरम लावून पाहिलं तर पदराचा पुठ्ठा झाला.

प्रतिसाद:
ताई, अॅल्युमिनियमची तार घ्या, दुहेरी पिळा, दोन्ही टोकं गोल वळवा आणि वरून सुती पट्टी गुंडाळा. मुख्य म्हणजे ती डोक्याच्या मध्यापासून थेट कमरेपर्यंत जाऊ द्या. गळ्यापुरती ठेवली तर खांद्यातून डोलणारच. तारेभोवती कापूस चिमटी-चिमटीने, काडीने ठासून भरा. दाबलं तर सुपारीसारखं लागलं पाहिजे. लुगड्याला बकरम नको. मागून जुनी मलमल लावून गोधडीसारखा बारीक धावदोरा घाला, दोन्ही कापडं मिळून टाका पेलतात.

धागाकर्ती:
कमरेपर्यंत न्यायचं सुचलंच नव्हतं! आता पाठ उसवावी लागेल असं वाटलं होतं, पण छातीची फट आहेच की. तिथूनच तार आत जाते का बघते.