रामोन्सच्या गाण्यांचा कव्हर अल्बम: गिटारचा चिखल होतोय, आणि मराठी शब्दांचं काय?

तीनकॉर्ड: सोलापुरातले चार बँड मिळून रामोन्स या अमेरिकन पंक बँडची आठ गाणी कव्हर करतोय, म्हणजे त्यांची गाणी आपण वाजवून रेकॉर्ड करतोय. खोली १० बाय १२, दोनच माइक. टेम्पो मिनिटाला १७५ ठोक्यांच्या वर गेला की गिटारचा नुसता चिखल. शिवाय दोन गाणी मराठीत घ्यायचीत. चालतंय का ओ?

वरूनखाली: आधी उजवा हात बघा. त्यांचा गिटारवाला जॉनी रामोन सगळे स्ट्रोक वरून खालीच मारायचा. खालून वर मारलं की पातळ तारा आधी लागतात, आवाज बारीक होतो, मग एक ठोका जड, एक हलका. मारायचं मनगटातून. कोपरातून माराल तर दुसऱ्या कडव्यालाच हात भरून येतो आणि टेम्पो पडतो.

दुसरं, अँपचा गेन (आवाज फाटवणारं बटण) चारवर आणा, मिड (मधले सूर) वाढवा. डिस्टॉर्शन, म्हणजे आवाजाचं फाटणं, लई झालं की प्रत्येक ठोक्याचं तोंड, म्हणजे सुरुवातीचा टणका, दबतं, आणि या गाण्यांत तोंडच तर सगळं आहे. भरीवपणासाठी ट्रॅक कॉपी करू नका, त्यानं आवाज फक्त मोठा होतो. परत वाजवून घ्या, एक डावीकडे, एक उजवीकडे. रामोन्सच्या १९७६ च्या पहिल्या अल्बमवर गिटार एका कानात, बास दुसऱ्या कानात आहे. हेडफोनची गिटारवाली एकच बाजू कानाला लावून तो ऐका आणि तुमचं वाजवणं तसं बसवा.

तीनकॉर्ड: आणि ड्रम? खोली लई घुमते.

चादरवाला: गावात चादरींना काय तोटा! पण भिंतीला चिकटवू नका. चार इंच सोडून, दुहेरी, चुण्या पाडून टांगा. झांजांचा चरचराट कमी होईल. किकची (पायानं वाजवायच्या मोठ्या ड्रमची) घूम मात्र चादरीनं जात नाही, त्याला कोपऱ्यांत जाड रॉकवूल (दगडी लोकर) लागतं. एक माइक किकसमोर, दुसरा ड्रमरच्या डोक्यावर. टेकला, म्हणजे रेकॉर्डिंग चालू असताना, पंखा बंद ठेवणार, म्हणजे मे महिन्यात खोली तापणार आणि तारा उतरणार. दर टेकआधी ट्यून करा.

कलम३१सी: मराठी शब्द घातले की ते कव्हर राहत नाही. कॉपीराइट कायद्याचं ३१सी कलम म्हणजे रॉयल्टी भरून कव्हर करायची सोय, पण त्यात शब्द-चालीत गरजेपुरता तांत्रिक बदल सोडून काही चालत नाही. त्या दोन गाण्यांना प्रकाशकाची, म्हणजे गाण्याचे हक्क सांभाळणाऱ्या कंपनीची, वेगळी लेखी परवानगी घ्या.

बाकी सहांनाही ३१सी परवडेल असं वाटत नाही: दर गाण्याला वर्षाला किमान ५०,००० प्रतींची रॉयल्टी, तीही आगाऊ. थेट प्रकाशकाशीच बोला. आणि ३१सीनं गेलात तर वेष्टनावर मूळ कलाकाराचं नाव किंवा फोटो चालत नाही. रामोन्सच्या गाण्यांच्या २००३ च्या 'वी आर अ हॅपी फॅमिली' या कव्हर अल्बमात जॉनी रामोन स्वतः होता, तुमचं तसं नाही.

तीनकॉर्ड: अल्बमचं वेष्टन छापायला गेलंय की. मधोमध रामोन्सचंच नाव.

कलम३१सी: मग गेन राहू द्या, आधी प्रेसला फोन लावा.