न्यू जर्सीहून टेक्सासला आलो. मृत्युपत्र नव्याने करावं का?

शेवंता: मृत्युपत्र न्यू जर्सीत केलेलं आहे. आता ऑस्टिनला राहतो, न्यू जर्सीतल्या एडिसनचं घर भाड्याने दिलंय, पुण्यात फ्लॅट आहे. काय तपासायचं?

उंबरठा: तिथल्या कायद्याने वैध असेल तर टेक्सासही ते मानतं. मजकूर मात्र बघा. हे कम्युनिटी प्रॉपर्टीचं राज्य: इथे आल्यावरचा पगार नवराबायकोचा निम्मा-निम्मा, खातं कुणाच्याही नावावर असो. ‘माझं खातं भावाला’ लिहिलं, तरी अशा पैशातला तुमचा अर्धाच त्याला जाईल. एक्झिक्युटर (मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारा) ‘इंडिपेंडंट’ (कोर्टाच्या देखरेखीशिवाय काम करणारा) आणि ‘बाँडशिवाय’ (कोर्टाला हमी न देता) असं स्पष्ट लिहा, नाहीतर बारीकसारीक गोष्टींना कोर्टाची परवानगी लागू शकते. तो राज्याबाहेरचा असेल तर टेक्सासमधला रेसिडेंट एजंट (कोर्टाच्या नोटिसा स्वीकारणारा स्थानिक प्रतिनिधी) नेमावा लागतो.

जुना पार: एडिसनच्या घराचं प्रोबेट (मृत्युपत्र कोर्टातून मान्य करून घेणं) तिकडे वेगळं. ते भावाला दिलंत तर न्यू जर्सीचा वारसा कर: पहिले 25,000 डॉलर माफ, पुढे 11 टक्क्यांपासून. जोडीदाराला, मुलांना शून्य.

शेवंता: आणि पुणे? तिथलं मृत्युपत्र वेगळं केलंय.

उंबरठा: मग खरा धोका तिथेच! नव्या मृत्युपत्रात ‘आधीची सर्व मृत्युपत्रं रद्द’ हे छापील वाक्य तसंच राहिलं तर पुण्याचंही उडतं. ‘फक्त अमेरिकेतल्या मालमत्तेपुरतं’ असं घालून घ्या. मेडिकल पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी (उपचारांचे निर्णय तुमच्या वतीने कुणी घ्यायचे ते सांगणारा कागद) टेक्सासच्या फॉर्मवर नवी करा.