अनुभव धागा: पोरं गाडी कशी शिकली, शेजारी कोण बसलं?

लेक अठराची झाली. लर्निंग लायसनची परीक्षा घरबसल्या आधारवर दिली, आता तीस दिवस झाले की पक्क्याची टेस्ट. क्लास लावलाय, पण त्या गाडीत सरांच्या पायाशीही क्लच-ब्रेक. निम्मा क्लच तेच दाबतात. घरच्या गाडीवर चढाला बंद पडते. तुमच्याकडे कसं झालं ते लिहा. ‘आमचा बाळ आठवीपासून चालवतो’ छापाचं कौतुक मात्र नको.

———

चढावर हँडब्रेक ओढून ठेवायला सांगा. क्लच हळू सोडत आणायचा, इंजिनाचा आवाज बसला की जरा रेस द्यायची, मग हँडब्रेक सोडायचा. बेसमेंटच्या रॅम्पवर, रविवारी सकाळी. मागे कोणी नसताना!

———

आम्ही वाळव्याकडचे, आमच्यात आधी ट्रॅक्टर. चुलत्यांनी नांगरलेल्या रानात शिकवला. ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या चाकाचे ब्रेक वेगळे असतात. रानात वळताना एकच दाबायचा, पण डांबरीवर यायच्या आधी दोन्ही पेडल पट्टीनं जोडायची. नाहीतर वेगात एकच चाक धरतं आणि ट्रॅक्टर आडवा होतो. चुलते स्वतः वाकून पट्टी बघायचे, तोवर बांधाबाहेर पाऊल नाही. पुढं उसाची ट्रॉली. रिव्हर्सला ट्रॉली जिकडं वळवायची त्याच्या उलट स्टिअरिंग. ट्रॉली तिरकी झाली की चुलते आरडाओरडा न करता नुसते बिडी काढायचे, म्हणजे पुन्हा पुढं घे. डांबरीवर मात्र लायसन आल्यावरच. त्यानंतर कार म्हणजे खेळणं वाटलं.

———

सोळाव्या वर्षी रीतसर लायसन काढून लूना फिरवणाऱ्यांपैकी मी. विनागिअरची ५० सीसीपर्यंतची गाडी पालकांच्या संमतीनं सोळाला चालते. कायदा आहे, गाड्या उरल्या नाहीत. आता शिकवणीच्या क्लासबाहेर रांग असते ती लायसन न लागणाऱ्या, ताशी २५ किमीच्या ई-स्कूटरची. त्यातल्या किती २५ वर राहतात, हा वेगळा धागा.

———

कॅलिफोर्नियात साडेपंधराला परमिट मिळतं. सहा तास शिक्षकाकडे, शिवाय पन्नास तास घरच्या मोठ्या माणसाला शेजारी बसवून. त्यातले दहा रात्रीचे. सोळाला लायसन मिळालं तरी पहिलं वर्ष रात्री अकरा ते पहाटे पाच एकट्यानं चालवायचं नाही, आणि मोठं माणूस सोबत नसेल तर विशीच्या आतले मित्रही गाडीत नाहीत. लेकाचा सगळा राग या मित्रांच्या कलमावर. आजोबा पुण्याहून आलेत. स्टॉपच्या पाटीपाशी मागून म्हणतात, “अरे कोणी नाहीये, काढ!” तो चाक पूर्ण थांबवतो, दोन्हीकडे बघतो, मगच निघतो. आजोबांना हे नाटक वाटतं.

———

पंधराच्या पोराला अ‍ॅक्टिव्हा देणाऱ्यांसाठी: २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीनानं गाडी चालवताना गुन्हा केला तर पालकाला किंवा मालकाला २५,००० दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द, पोराला पंचविशीपर्यंत लायसन नाही. मे २०२४ मध्ये पुण्यात अल्पवयीन पोराच्या हातून कल्याणीनगरचा अपघात झाला तेव्हा आमच्या सोसायटीत आठवडाभर चाव्या कपाटात होत्या. नंतर पुन्हा खुंटीवर.

———

आमच्या चिरंजीवांनी टेस्टचा एच (इंग्रजी H आकाराच्या पट्ट्यात गाडी पुढे-मागे घेणं) क्लासच्या गाडीत पाठ केला. मागच्या काचेत अमुक खांब दिसला की स्टिअरिंग पूर्ण डावीकडे. पास! संध्याकाळी पार्किंगमध्ये गाडी लावायला दिली, तर मान वळवून विचारतो, “आई, खांब कुठाय?”