आरसा नसताना रिफ्लेक्टिंग टीम कशी बसवायची?

प्रश्न: फॅमिली थेरपी शिकणारे आम्ही पाच जण आणि एक सुपरवायझर. वन-वे मिरर (ज्याच्यामागून टीम स्वतः न दिसता सत्र पाहते) नाही, खोली एकच. रिफ्लेक्टिंग टीमने, म्हणजे सत्र ऐकून मग कुटुंबासमोरच आपापसात बोलणाऱ्यांनी, कुठे बसायचं, किती वेळ बोलायचं? आणि टीमचं बोलणं लगेच सल्ल्यावर घसरतं, ते कसं थांबवायचं?

उत्तर १: आरशावाचून काही अडत नाही. १९८५ साली नॉर्वेत ट्रॉम्सोला मानसोपचारतज्ज्ञ टॉम अँडरसन यांनी आरशामागचा दिवा लावून टीमची चर्चा कुटुंबाला ऐकवली, पद्धतच तिथून निघाली. एक जण कुटुंबासोबत, तिघं टीममध्ये, पाचवा नोंदींना. टीमच्या खुर्च्या जरा बाजूला, तिरक्या ठेवा. साधारण ४० मिनिटांनी टीमने पाच-सात मिनिटं आपापसात बोलावं, एकमेकांकडेच बघून. कुटुंबाकडे पाहिलं की ते मान डोलवू लागतात आणि ऐकणं राहून जातं. मग शेवटचा शब्द कुटुंबाचा: "यातलं काय लागू पडलं, काय नाही?" टीम बसणार आहे याची लेखी संमती आधीच्या भेटीत घ्या. दारात उभं करून विचारलं तर कोणी नाही म्हणत नाही, ती संमतीच नव्हे.

उत्तर २: सल्ला निघतो तो गृहीतक, म्हणजे घरात काय चाललंय याचा टीमचा अंदाज, कच्चं असल्यामुळे. मिलान गटासारखी (इटलीतल्या फॅमिली थेरपिस्टांचा गट) सत्राआधी १५ मिनिटांची बैठक घ्या आणि गृहीतक एका वाक्यात लिहा. घरातले सगळे त्यात यायला हवेत. "मुलगा हट्टी आहे म्हणून शाळेत जात नाही" हे गृहीतक नाही. "तो घरी राहिला की आई-आजीचा वाद टळतो आणि बाबांना मध्ये पडावं लागत नाही" हे चालेल. सत्रात चुकीचं ठरलं तर सरळ सोडून द्या, त्याला चिकटून राहणं जास्त घातक. तपासायला गोल फिरणारे प्रश्न: "आई रडली की बाबा काय करतात? ते बघून आजी काय करते?"

टीममध्ये बोलताना कुटुंबाचाच शब्द धरा. "आजी 'घर शांत असतं' म्हणाल्या, शांत कोणासाठी, असं मनात आलं" हे रिफ्लेक्शन. "वडिलांनी मुलाला वेळ द्यावा" हा सल्ला.

उत्तर ३: सुपरवायझरसाठी एक भर. सत्रात दोनदाच टोका, तेही एका वाक्यात, "आजींना विचारा" इतकंच. यापेक्षा जास्त झालं तर शिकणारा कुटुंबाला सोडून तुमचंच ऐकत बसतो. सत्रानंतर पहिलं बोलणं त्याचं असू द्या, टीमचं नंतर.