मदत हवी आहे: कंबर दुखायची कमी झाली, पण टेपवरचा वाकण्याचा आकडा हलत नाहीये

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, आज विचारायचंच ठरवलं. लांबण लागणार आहे, आधीच माफी मागते.

वय ४१, काम दिवसभर बैठं. चौदा महिन्यांपूर्वी खाली पडलेलं पेन उचलायला वाकले आणि कमरेत उसण भरली. पेन तिथेच राहिलं आणि मीही तिथेच, अर्धवट वाकलेली, भिंत धरून. दोन दिवसांत सुटेल म्हणाले सगळे, आठवड्याने चालायला लागले पण दुखणं काही पूर्ण गेलं नाही, मग तीन महिन्यांनी एमआरआय, त्यात एल४-एल५ ला (कमरेचा चौथा-पाचवा मणका) डिस्क बल्ज आणि डीजनरेटिव्ह चेंजेस, म्हणजे मधली गादी फुगलीय आणि झीज झालीय, असं लिहून आलं, आणि ते वाचून मी जी घाबरले ती पुढचे सहा महिने वाकलेच नाही. अक्षरशः. लेस बांधायला पाय खुर्चीवर, खाली पडलेली वस्तू पायाच्या बोटांनी उचलायची (यात मी आता तरबेज आहे).

मग फिजिओ बदलली. जुनी म्हणायची अजिबात वाकू नका, नवीन म्हणते रोज वाका, थोडं थोडं वाढवत न्या. दोघीही शिकलेल्या, दोघीही प्रेमाने सांगणाऱ्या. म्हटलं आपणच वाचू काय ते, आणि घोळ तिथूनच सुरू झाला.

२०१४ चा एक आढावा सापडला, त्यात आधीचे बरेच अभ्यास एकत्र करून काढलंय की कंबरदुखीवाल्यांचा कणा बाकीच्यांपेक्षा कमी वाकतो आणि सावकाश हलतो. माझंच वर्णन. मग जुन्या फिजिओच्या बाजूचा पुरावा सापडला, १९९९ चा प्रयोग, एका माणसाच्या एल४-एल५ च्या डिस्कमध्ये चक्क सेन्सर बसवून दाब मोजलाय. उभं राहिल्यावर ०.५ मेगापास्कल, पाठ गोल करून २० किलो उचलले तर २.३, गुडघे वाकवून उचलले तर १.७. हे वाचून परत आठवडाभर पायाच्या बोटांवर आले.

पण वाकण्याचं माप घरी घेता येतं म्हणून कळलं, शोबर टेस्ट. कमरेला मागे दोन खळ्या असतात त्या रेषेच्या १० सेंटीमीटर वर एक खूण, ५ सेंटीमीटर खाली एक खूण, उभं असताना अंतर १५, मग पुढे वाकायचं आणि परत मोजायचं, साधारण ५ ने वाढायला पाहिजे म्हणतात. नवऱ्याने स्केचपेनने ठिपके काढले. माझं झालं १८.४. दोन महिने व्यायाम केला, दुखणं दहापैकी सहावरून दोनवर आलंय, झोप लागते, तासभर बसू शकते. आणि टेप? १८.५. शिवाय सकाळी मोजलं तर कमी आणि रात्री जास्त, एकदा तर एकाच दिवशी ०.८ चा फरक.

तर प्रश्न असा की हालचाल वाढलीच नाही तर दुखणं कमी कसं झालं? हे तात्पुरतं आहे का, आत बिघाड तसाच आहे आणि मी उगाच खुश होतेय? आणि वाकायचं की नाही, एकदाचं सांगा कुणीतरी.

प्रतिसाद: खुर्चीचा_कैदी

तुमची गादी सरकलीय. बेल्ट लावा आणि कडक अंथरुणावर झोपा. मला त्यानेच आराम पडला.

प्रतिसाद: तिरकी_मान

वरच्यांना: गादी सरकत बिरकत नाही हो, डिस्क वरच्या-खालच्या मणक्याला घट्ट चिकटलेली असते. फुगते, झिजते, कधी आतला गर बाहेर येतो. सरकत नाही. या एका शब्दाने किती लोक अंथरुणाला खिळलेत याचा हिशोब नाही.

आता ताई तुमच्यासाठी. मी फिजिओ आहे, पण तुम्हाला न तपासता लिहितेय हे धरून चाला. आधी एक विचारते, पायात बधिरपणा किंवा ताकद कमी होणं, लघवी-संडासवरचा ताबा जाणं, बैठकीच्या जागी बधिर वाटणं, ताप, उगाच वजन घटणं, यातलं काही आहे का? असेल तर धागा सोडा आणि डॉक्टर गाठा, ताबा जाणं किंवा तिथला बधिरपणा असेल तर त्याच दिवशी. नसेल तर पुढे वाचा.

एमआरआय. २०१५ मध्ये एक मोठा आढावा आला, कंबर अजिबात न दुखणाऱ्या ३११० लोकांच्या स्कॅनचा. विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या डिस्क झिजलेल्या दिसल्या आणि ऐंशीच्या वयात ९६ टक्के. बल्ज विशीत ३० टक्के. दुखत नसताना! म्हणजे तुमच्या रिपोर्टमधलं वाक्य खोटं नाही, पण तुमचं दुखणं त्यातूनच येतंय हे त्यावरून ठरत नाही.

सकाळ-रात्रीचं कोडं तर सोपं आहे. रात्री आडवं झालं की डिस्क पाणी शोषून फुगते. तुम्ही वाचलेल्या त्याच १९९९ च्या प्रयोगात झोपेत दाब ०.१ वरून ०.२४ वर गेला होता. फुगलेली डिस्क ताठ असते म्हणून सकाळी वाकणं कमी. दिवसभरात पाणी हळूहळू बाहेर जातं, कंबर पाचेक अंश जास्त वाकायला लागते आणि संध्याकाळी आपली उंचीही थोडी कमी भरते. म्हणून मी पेशंटना सांगते की उठल्या उठल्या खोल वाकायचे व्यायाम नको, तासाभराने करा.

आणि तो दाबाचा प्रयोग, नीट बघा, एकच माणूस आहे त्यात. दाब किती येतो ते कळतं, दुखेल का ते कळत नाही. उचलताना पाठ गोल झाली म्हणून कंबरदुखी होते का, यावर २०२० मध्ये उपलब्ध अभ्यास तपासले तेव्हा तसा पुरावा मिळाला नाही. याचा अर्थ उद्या पोतं उचला असा नाही, सहा महिने न वाकलेल्या पाठीला सवय लागायला वेळ द्यावाच लागतो. पण पेन? पेनासाठी वाका.

प्रतिसाद: शून्य_अंश

मी हालचाल मोजणाऱ्या लॅबमध्ये काम करतो, डॉक्टर नाही. त्यामुळे फक्त टेपबद्दल.

शोबरने ही पद्धत १९३७ मध्ये काढली, १५ सेंटीमीटरवाली सुधारणा १९६९ ची. कणा आखडत जाणाऱ्या संधिवातात प्रगती बघायला ती ठीक आहे, पण मोजते काय तर कातडी. कातडी मणक्यावरून सरकते. आम्ही कॅमेरे आणि मार्कर लावतो तरी हीच डोकेदुखी. आता सांगा, तुमचे मिस्टर दर वेळी खुणा नव्याने काढतात का?

बरं, तुमचं वाकणं म्हणजे कंबर एकटी नाही. बोटं जमिनीला टेकेपर्यंत वाकलं तर कंबरेच्या पाच मणक्यांच्या वाट्याला चाळीस ते साठ अंश येतात, उरलेलं काम बरंचसं खुब्याचं. तुम्ही खुब्यातून जास्त वाकायला शिकलात तर टेप काहीच दाखवणार नाही. वळण्याचं तर विचारूच नका, कंबरेचे सांधे असे बसलेत की एका मणक्याच्या जोडीत जेमतेम एक-दोन अंश वळतं, आपण कंबर वळवली म्हणतो तेव्हा बहुतेक छाती आणि खुबे वळलेले असतात.

आणि ते २०१४ चं. गटाची सरासरी कमी आहे म्हणून एका माणसाचं दुखणं कमी झालं की त्याचे अंश वाढलेच पाहिजेत असं होत नाही. दुखणं आणि हालचाल दोन्ही वेळोवेळी मोजलेले अभ्यास २०२० मध्ये एकत्र पाहिले गेले, बहुतेक वेळा दोन्हीतले बदल जोडीने चाललेच नव्हते. तुमच्यासारखे पुष्कळ आहेत.

टेप ठेवायचीच तर किती वाकता यापेक्षा कसं वाकता ते बघा. वेग, श्वास रोखता का.

धागाकर्ती:

सगळ्यांचे आभार, बधिरपणा वगैरे काही नाही, ते आधीच तपासून झालंय.

@शून्य_अंश, पकडलंत. खुणा रोज नव्याने. आंघोळीत पुसल्या जातात आणि आज विचारलं तर म्हणतो मी पायजम्याच्या नाडीवरून अंदाज घेतो. नाडी! दोन महिने मी ज्या ०.१ साठी जीव टाकत होते तो नाडीचा होता.

श्वासाचं वाचून लगेच करून पाहिलं. वाकायला सुरुवात करायच्या आधीच श्वास धरते, पोट आत, पाठ लाकडासारखी. मला वाटायचं हीच काळजी घेणं. व्हिडिओ काढायला लावला, त्यात मी म्हणजे काचेचं सामान उचलणारी बाई दिसतेय.

प्रतिसाद: तिरकी_मान

हेच. निरोगी पाठीत पूर्ण वाकल्यावर कण्यालगतचे स्नायू चक्क गप्प होतात, १९५५ मध्येच दोघांनी इलेक्ट्रोड लावून हे नोंदवलंय, भार तेव्हा लिगामेंट (हाडांना हाडं बांधणारे पट्टे) वगैरे घेतात. कंबरदुखीवाल्यांत बरेचदा ते स्नायू गप्प बसतच नाहीत, पहारा देत राहतात. आणि दिवसभर पहारा दिला तर दुखणारच की हो.

खुर्चीवर बसून सुरू करा, पाय फाकवून, हात मधून खाली सोडायचे आणि श्वास सोडत जायचं, मान पण सोडा. आठदहा वेळा. दुखणं दोनचं तीन झालं आणि तासाभरात खाली आलं तर चालतं. रात्रभर राहिलं तर दुसऱ्या दिवशी निम्मं करा.

प्रतिसाद: खुर्चीचा_कैदी

मग मी बेल्ट काढू का?

प्रतिसाद: तिरकी_मान

किती दिवस लावताय?

प्रतिसाद: खुर्चीचा_कैदी

तीन वर्षं.

प्रतिसाद: तिरकी_मान

तुमचा वेगळा धागा काढा.

धागाकर्ती:

खुर्चीवालं आज दोनदा केलं. पहिल्यांदा हात घोट्यापर्यंत गेले, दुसऱ्यांदा श्वास सोडल्यावर बोटं फरशीला लागली आणि मीच दचकून वर आले. दुखलं नाही, नुसती ओढ बसली. टेप नवऱ्याने परस्पर ड्रॉवरमध्ये टाकलीय. पुढच्या आठवड्यात उभ्याने लेस बांधून बघते आणि इथेच कळवते.